प्रशिक्षण झालं, पण वर्ग तसाच: तिघाचौघांनी मिळून एका पाठावर काम कसं करायचं

प्रशिक्षणाहून परतलेला शिक्षक आठ-पंधरा दिवस नवं काहीतरी करून बघतो. मग अभ्यासक्रम अंगावर येतो आणि जुनी पद्धत परत येते. यात शिक्षकाच्या इच्छेचा दोष नसतो. ब्रूस जॉयस आणि बेव्हर्ली शॉवर्स या अमेरिकी अभ्यासकांनी १९८०च्या दशकातच मांडलं होतं, की नुसतं व्याख्यान ऐकून आणि नमुना पाठ बघून नवं कौशल्य वर्गात फारसं उतरत नाही. ते उतरायला प्रत्यक्ष शिकवत असताना सोबत कुणीतरी सहकारी लागतो.

ही सोबत उभी करायचा सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे तिघाचौघांनी मिळून एक पाठ आखायचा, एकाने तो शिकवायचा, बाकीच्यांनी मुलांकडे बघायचं, मग पाठ दुरुस्त करून दुसऱ्या वर्गात पुन्हा घ्यायचा. जपानी शाळांत ही पद्धत ‘जुग्यो केन्क्यू’ या नावाने रुजलेली आहे. करून बघणारे पुष्कळ असतात, पण बहुतेकांचा घोळ क्रमात होतो. आधी ॲप ठरतं आणि मग त्यासाठी पाठ शोधला जातो. निरीक्षक मुलांऐवजी शिक्षकाकडे बघत बसतात. चर्चेत ‘छान झाला’ म्हणून सगळे उठतात, आणि दुसरा पाठ होतच नाही. म्हणून खाली क्रम सविस्तर दिला आहे. उदाहरण सगळीकडे एकच घेतलंय, दशांश अपूर्णांकांची तुलना. विषय बदला, क्रम मात्र हलवू नका.

## सुरू करण्याआधी

गट. तीन ते पाच जण. दोघांत निरीक्षण तोकडं पडतं आणि सहा-सातजण झाले की एकत्र वेळ जुळत नाही. विषय एकच असेल तर उत्तम, नसेल तर एकाच वर्गाला शिकवणारे घ्या.

वेळ. एका फेरीला चार बैठका आणि दोन पाठ लागतात. प्रत्येक बैठक एका तासिकेएवढी, साधारण ४० मिनिटं. हे सगळं चार ते सहा आठवड्यांत बसवा. ‘वेळ मिळेल तेव्हा भेटू’ असं ठरवलेला गट दुसऱ्या बैठकीनंतर भेटत नाही. त्यामुळे वेळापत्रकात सगळ्यांचा एक समान ऑफ तास मागून घ्या आणि त्या तासाला बदली तासिका लागणार नाही, एवढं कबूल करून घ्या.

मुख्याध्यापकांशी बोलणं. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं काम. या पाठांतलं काहीही शिक्षकाच्या मूल्यमापनात धरलं जाणार नाही, हे स्पष्ट शब्दांत ठरवा. ही हमी नसेल तर पाठ घेणारा शिक्षक मुलांना आदल्या दिवशी उत्तरं शिकवून ठेवेल. त्याला दोष देता येणार नाही.

परवानगी. चित्रीकरण करणार असाल तर पालकांची लेखी संमती आधी घ्या. चित्रफीत कुणाच्या फोनवर राहील, कोण बघेल आणि कधी पुसली जाईल, हेही त्यातच लिहा. ज्यांची संमती नाही, ती मुलं चौकटीबाहेर बसतील अशी सोय करा.

> तपासून पाहा: पाठ घेणाऱ्याला, पाठ फसला तरी चालेल असं मनापासून वाटतंय का? वाटत नसेल तर थांबा. पुढचे सगळे टप्पे त्या विश्वासावर उभे आहेत.

## टप्पा १: अडचण बारीक करा

‘मुलांचं गणित कच्चं आहे’ किंवा ‘वाचनाची गोडी नाही’ या तक्रारी आहेत. त्यांच्यावर पाठ आखता येत नाही. पाठ आखता येईल अशी अडचण एवढी बारीक हवी, की तिच्यात मूल, काम आणि चुकीचं उत्तर हे तिन्ही दिसतील.

ती सापडते वह्यांत. गेल्या चाचणीच्या उत्तरपत्रिका घेऊन बसा आणि चुकलेल्या उत्तरांचे गठ्ठे करा. गुणांवरून नव्हे, चुकीच्या कारणावरून. दशांश अपूर्णांकांच्या तुलनेत दोन गठ्ठे बहुतेक वेळा निघतात. मेलबर्नमधल्या के स्टेसी आणि व्हिकी स्टाइनल यांनी या चुकांवर बराच अभ्यास केला आहे. त्यातल्या दोन ठळक समजुती अशा:

पहिल्या गठ्ठ्यातली मुलं ०.३०८ हे ०.४५ पेक्षा मोठं मानतात, कारण चिन्हानंतर जास्त अंक आहेत. त्यांच्या लेखी ३०८ आणि ४५ या दोन पूर्ण संख्या आहेत.

दुसऱ्या गठ्ठ्यातली मुलं उलट धरतात. शतांश दशांशापेक्षा लहान असतो हे त्यांनी ऐकलेलं असतं, म्हणून जितके अंक जास्त तितकी संख्या लहान असा अर्थ ती काढतात. त्यांना ०.४ हे ०.४८ पेक्षा मोठं वाटतं.

दोन्हीकडे खूण ‘चूक’ अशीच पडते, पण इलाज वेगळा आहे. म्हणून गठ्ठे करताना घाई नको. चुकीमागचं कारण कळलं नाही तर त्या मुलाला बोलावून विचारा, ‘हे कसं ठरवलंस?’ पाच मुलांना विचारलंत तरी पुष्कळ हाती लागतं.

> तपासून पाहा: अडचण एका वाक्यात लिहा. ‘काही मुलं चिन्हानंतरचे अंक मोजून दशांश अपूर्णांक लहान-मोठे ठरवतात.’ इतकं नेमकं वाक्य होत नसेल तर वह्यांकडे परत जा.

## टप्पा २: पाठाआधी प्रश्न तयार करा

पाठ आखून झाल्यावर शेवटी घाईत एखादा प्रश्न टाकायची सवय असते. हा क्रम उलटा करा. पाठ संपल्यावर मुलांना समजलं की नाही हे कोणत्या प्रश्नावरून ठरवणार, ते आधी ठरू द्या.

या टप्प्याला मी एक अख्खी बैठक देईन. प्रश्न साधा दिसतो, पण तो फसवू शकतो. हा बघा:

*सर्वांत मोठी संख्या कोणती? अ) ०.६ ब) ०.४५ क) ०.३०८*

बरोबर उत्तर ०.६. ‘जास्त अंक म्हणजे मोठी’ मानणारं मूल ०.३०८ निवडेल आणि पकडलं जाईल. पण ‘कमी अंक म्हणजे मोठी’ मानणारं मूल ०.६ निवडेल आणि त्याला पूर्ण गुण मिळतील. म्हणजे चुकीची समजूत बरोबरच्या खुणेखाली लपली. आता हा प्रश्न:

*सर्वांत मोठी संख्या कोणती? अ) ०.४ ब) ०.४८ क) ०.४७२ ड) तिन्ही समान*

इथे अंक मोजणारं मूल ०.४७२ कडे जाईल, उलटं धरणारं ०.४ कडे, फक्त पहिला अंक बघून थांबणारं ‘ड’ कडे. ०.४८ पर्यंत पोचायचं तर स्थानिक किंमत समजलेली असावी लागते. प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे एक ओळखीची समजूत उभी आहे आणि बरोबर पर्याय चुकीच्या वाटेने सहसा गाठता येत नाही. प्रश्नाची परीक्षा अशीच करा. एखाद्या पर्यायामागची समजूत सांगता आली नाही तर तो पर्याय काढून टाका.

असे दोन-तीन प्रश्न करून ठेवा, कारण तीच परीक्षा वेगळ्या संख्यांनी पुन्हा घ्यायची आहे.

> इशारा: चार पर्याय असले की काहीच न समजलेल्या मुलाचा नुसता अंदाजही साधारण चारातून एकदा बरोबर येतो. एका प्रश्नावर निष्कर्ष काढू नका, आणि निदान एकदा तरी ‘का?’ हे वहीत एका ओळीत लिहून घ्या.

## टप्पा ३: टाचण तीन रकान्यांत

नेहमीच्या टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यात, शिक्षक काय करणार एवढंच असतं. इथे तीन रकाने करा: मी काय करणार, मुलं काय म्हणतील, त्यावर मी काय करणार. मधला रकाना सगळ्यांनी मिळून भरायचा. बरोबर उत्तर एक ओळ घेईल, चुकीची उत्तरं अर्धं पान. तसंच व्हायला हवं.

आपल्या उदाहरणात पाठाचा गाभा शंभर घरांची चौकट असू शकतो, दहा आडव्या ओळी आणि दहा उभे स्तंभ. ०.४ साठी ४० घरं रंगवायची, ०.४८ साठी ४८. ०.४७२ साठी ४७ घरं आणि पुढच्या एका घराचे दहा भाग करून त्यातले दोन. मुलांनी हे स्वतः रंगवलं की ‘हजारांश आला म्हणजे संख्या मोठी’ ही समजूत डोळ्यांदेखत हलते. उलट धरणाऱ्या मुलांनाही ०.४८ मध्ये ०.४ पूर्ण बसून वर आठ घरं उरतात हे दिसतं.

टाचणात शिक्षकाचे शब्दही ठरवा. ०.४८ चा उच्चार वर्गात ‘शून्य पूर्णांक अठ्ठेचाळीस’ असा सरसकट झाला तर पहिल्या गठ्ठ्यातल्या मुलांची चूक आपणच पक्की करतो. ‘चार दशांश आणि आठ शतांश’ किंवा ‘शून्य पूर्णांक चार आठ’ असं म्हणायचं ठरलं तर गटातल्या प्रत्येकाने तसंच म्हणावं.

प्रत्येक कृतीपुढे मिनिटं लिहा. प्रश्न विचारल्यावर थांबायचा वेळही त्यात धरा. मेरी बड रो या अमेरिकी अभ्यासिकेने १९७०च्या दशकात वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा प्रश्नानंतर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत असल्याचं दिसलं. तीन सेकंद किंवा जास्त थांबल्यावर मुलांची उत्तरं लांबली आणि गप्प मुलंही बोलू लागली. तीन सेकंद वर्गात फार लांब वाटतात, म्हणून टाचणात ‘थांबा’ असं अक्षरशः लिहून ठेवा.

> इशारा: गट जमला की प्रत्येकाला आपला एक उपक्रम घालावासा वाटतो. एका तासिकेत एक मुख्य कृती पुरे. उरलेले उपक्रम दुसऱ्या कागदावर लिहून ठेवा, ते वाया जाणार नाहीत.

## टप्पा ४: तंत्रज्ञान आत्ता, आधी नाही

आता एकच प्रश्न विचारा: या पाठात मला न दिसणारं असं काय आहे, जे एखाद्या साधनामुळे दिसेल? उत्तर मिळालं तरच साधन घ्या. ‘प्रोजेक्टर आहे म्हणून’ हे कारण पुरेसं नाही.

आपल्या पाठात न दिसणारी गोष्ट म्हणजे सगळ्या वर्गाचं उत्तर, तेही त्याच क्षणी. हात वर करणाऱ्या पाच मुलांवरून वर्ग कळत नाही. इथे प्लिकर्ससारखी कार्डं उपयोगी पडतात. प्रत्येक मुलाकडे एक छापील कार्ड असतं. ते चारपैकी ज्या बाजूने वर धरलं तो त्याचा पर्याय. शिक्षक एकाच मोबाइलच्या कॅमेऱ्याने सगळी कार्डं टिपतो. मुलांना फोन लागत नाही आणि शेजाऱ्याचं उत्तर ओळखणंही सोपं नसतं.

निकाल दिसल्यावर काय करायचं, हे आधी ठरलेलं असू द्या. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक माझूर यांच्या पद्धतीत ढोबळ नियम असा आहे: बरोबर उत्तरं ३० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान असतील तर मुलांना शेजाऱ्याशी दोन मिनिटं वाद घालू द्या आणि पुन्हा मत घ्या. त्याहून कमी असतील तर वेगळ्या तऱ्हेने पुन्हा शिकवा, जास्त असतील तर थोडक्यात खुलासा करून पुढे चला. मधल्या गटात बरोबर उत्तर आधी सांगून टाकलंत तर सगळा खेळ संपतो. चर्चा होईपर्यंत कोणत्या पर्यायाला किती मतं पडली याचा आलेख पडद्यावर दाखवूही नका, कारण मुलं जास्त मतांच्या बाजूला सरकतात.

दुसरा साधा वापर: दोन वह्यांतल्या वेगवेगळ्या उत्तरांचे फोटो, नावं झाकून, पडद्यावर शेजारी शेजारी लावायचे आणि विचारायचं, ‘या दोघांनी कसा विचार केला असेल?’ फळ्यावर उतरवून घेण्यात जाणारी मिनिटं वाचतात, आणि चूक मुलाच्या स्वतःच्या अक्षरात दिसते.

चित्रीकरण करायचं तर कॅमेरा एका बाकाजवळ ठेवा. वर्गाच्या मागून घेतलेल्या चित्रफितीत शिक्षक आणि मुलांच्या पाठी दिसतात, बोलणं मात्र ऐकू येत नाही. चर्चेसाठी आठ-दहा मिनिटं पुरतात, अख्खा तास बघायला कुणाला वेळ नसतो.

स्लाइड केल्या असतील तर त्यावर वाक्यं नकोत. पडद्यावर एक मजकूर आणि तोच मोठ्याने वाचणारा शिक्षक, यात मुलांचं लक्ष दोन्हीकडे फाटतं. पडद्यावर चौकट, तोंडी स्पष्टीकरण.

> तपासून पाहा, आदल्या दिवशी, त्याच खोलीत, त्याच वेळेला:
> – शेवटच्या बाकावरून पडदा वाचता येतो का? खिडकीचा उजेड कुठून येतो?
> – इंटरनेट गेलं तर काय? चिठ्ठ्या किंवा बोटांनी पर्याय दाखवणं, यातलं एक तयार ठेवा.
> – फोन चार्ज आहे का, साठवणीला जागा आहे का, येणारे कॉल बंद केले का?
> – कार्डं वाटायला किती वेळ लागतो? पहिल्यांदा वापरणार असाल तर एखाद्या गमतीच्या प्रश्नावर आधी सराव करून घ्या.

## टप्पा ५: मुलांकडे बघा

निरीक्षकांनी मागच्या बाकावर बसू नये. बाजूला, मुलांचे चेहरे आणि वह्या दिसतील असं बसावं. प्रत्येकाने दोन किंवा तीनच मुलं घ्यावीत: एक सहसा बरोबर असणारं, एक अडखळणारं, आणि एक गप्प राहणारं. गप्प मूल वगळू नका. सगळ्यात नवी माहिती बहुधा तिथूनच येते.

नोंद कशी असावी, तर जे दिसलं आणि ऐकू आलं तेवढंच, वेळेसह. ‘मुलांचा सहभाग चांगला होता’ ही नोंद निरुपयोगी आहे. ‘११:१४, मुलीने ४७२ घरं शोधायला सुरुवात केली, चौकटीत शंभरच आहेत म्हणून थांबली, शेजारणीकडे बघितलं’ ही नोंद सोन्यासारखी आहे. पाठात नेमकं कुठे काय हललं, ते तिच्यात आहे.

मुलाचं चुकतंय हे बघून तोंडातून शब्द निघतोच. आवरा. निरीक्षकाने मदत केली की पाठाचं काम काय आणि मदतीचं काम काय, हे वेगळं करता येत नाही. निरीक्षकांनी आपसात कुजबुजणंही टाळावं, पाठ घेणारा त्याने हमखास बिचकतो.

मुलांना सुरुवातीलाच सांगून टाका: ‘आज हे सर आणि बाई आमचा पाठ कसा जातो ते बघायला आलेत. तुमची परीक्षा नाही.’

## टप्पा ६: चर्चा त्याच दिवशी

दुसऱ्या दिवसापर्यंत नोंदींमागचे बारकावे पुसट होतात. शाळा सुटण्याआधी बसा आणि बोलण्याचा क्रम पाळा.

आधी पाठ घेणारा बोलतो: काय ठरल्यासारखं झालं, कुठे टाचण सोडावं लागलं. मग निरीक्षक आपापल्या मुलांच्या नोंदी वाचतात, नुसत्या नोंदी, मत नाही. त्यानंतर कारणं. बदल सगळ्यात शेवटी. बहुतेक बैठकी पहिल्या पाच मिनिटांत बदलांवर उडी मारतात आणि नोंदी वहीतच राहतात.

चर्चा चालवणारा वेगळा असावा आणि त्याचं मुख्य काम मतांना नोंदींकडे वळवणं. ते असं चालतं:

‘बाई, चौकटीचा भाग जरा लांबला.’
‘कुणाच्या बाबतीत दिसलं, सर?’
‘माझ्या दोन मुलांनी सहाव्या मिनिटालाच रंगवून संपवलं. तिसरा शेवटपर्यंत घरं मोजत होता.’
‘म्हणजे त्याला दहाच्या ओळी दिसल्याच नाहीत का? चौकटीवर ओळी ठळक असत्या तर?’

‘लांबला’ या शेऱ्यातून असा एक बदल निघाला, तोही कुणाला न दुखावता. ‘तुमचा पाठ’ असं न म्हणता ‘आपला पाठ’ म्हणा. तो खरोखरच सगळ्यांनी आखलेला आहे.

> इशारा: एका वेळी एक किंवा दोनच बदल करा. पाच बदल करून पाठ सुधारला तर कशाने सुधारला हे कळत नाही.

## टप्पा ७: पुन्हा शिकवा, मग पुन्हा विचारा

दुरुस्त केलेला पाठ आठवड्याच्या आत दुसऱ्या तुकडीत घ्या, आणि शिकवणारा बदला. माणूस बदलूनही पाठ चालला तर त्याचं श्रेय एका व्यक्तीच्या हातोटीला जात नाही, पाठातच काहीतरी आहे हे कळतं.

हा टप्पा गाळला जातो आणि त्याहून जास्त गाळली जाते ती नंतरची तपासणी. पाठाच्या शेवटी बरोबर आलेलं उत्तर ताज्या आठवणीचं असू शकतं. दोन-तीन आठवड्यांनी, न सांगता, दोन्ही तुकड्यांना तसाच प्रश्न नव्या संख्यांनी द्या: ०.७, ०.७५, ०.७३८, तिन्ही समान. कुठली मुलं जुन्या समजुतीकडे परत गेली, ते बघा. परत गेलेल्यांची संख्या मोठी असेल तर नवा विषय घेऊ नका, याच अडचणीवर दुसरी फेरी करा.

## टप्पा ८: एक पान लिहा

अहवाल नको. एका पानावर अडचण, प्रश्न, टाचणातला बदललेला भाग, मुलांची दोन-तीन बोलकी उत्तरं, आणि तीन आठवड्यांनंतरचा निकाल. ते सामाईक फोल्डरमध्ये ठेवा. फाइलच्या नावात इयत्ता, घटक आणि महिना असू द्या, नाहीतर पुढच्या वर्षी कुणाला ती सापडणार नाही. मुलांची नावं कुठेही नकोत.

## अडलं तर

समान ऑफ तास मिळतच नाही. एका निरीक्षकाला पाठात बसवा आणि बाकीच्यांसाठी एका बाकाची दहा मिनिटांची चित्रफीत घ्या. चर्चा मात्र समोरासमोरच करा. ग्रुपवरच्या मेसेजमध्ये ती अंगठे आणि फुलांवर संपते.

शाळेत त्या विषयाचे तुम्ही एकटेच आहात. जवळच्या शाळेतल्या एका शिक्षकाशी जोडी करा. वह्यांचे गठ्ठे आणि प्रश्न तयार करणं व्हिडिओ कॉलवर उत्तम होतं. पाठ दोघांनी आपापल्या वर्गात घ्यायचा.

गटातले ज्येष्ठ शिक्षक पाठ द्यायला तयार नाहीत. आग्रह धरू नका. त्यांना पहिल्या फेरीत वह्यांचे गठ्ठे करायला आणि मधला रकाना भरायला बसवा. मुलं कुठे काय चुकतात याचा त्यांच्याकडे अनेक वर्षांचा साठा असतो, आणि टाचणातला तो रकाना त्यांच्याशिवाय अर्धाच भरतो. पाठ देण्याचं दुसऱ्या फेरीत विचारा.

पाठ पूर्ण फसला. चर्चा रद्द करू नका. नोंदी वाचा, मुलं कोणत्या मिनिटाला हरवली ते शोधा, आणि टाचणात त्या मिनिटापासून पुढचा भाग नव्याने आखा. त्याआधीचा भाग तसाच ठेवा.